वाहनात चुकीचे इंधन : कारणे, परिणाम आणि उपाय

पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनात डिझेल किंवा डिझेलवर चालणाऱ्या वाहनात पेट्रोल भरले जाण्याचे प्रकार जगात सर्वत्र घडतात. ब्रिटनमध्ये चालक स्वतःच्या हाताने इंधन भरतो. तेथे अशा घटना वर्षाला सुमारे दीड लाख होत असल्याचा अंदाज मोटारचालकांच्या संघटनांनी वेळोवेळी व्यक्त केला आहे. भारतात हे काम पंपावरील कर्मचारी करतात. त्यामुळे येथील चूक बहुधा दोन व्यक्तींमधील अपुऱ्या संवादातून घडते आणि तिच्या जबाबदारीवरून वादही तेथूनच सुरू होतो.

या चुकीबाबत सर्वप्रथम ध्यानात घ्यावयाची बाब अशी, की चुकीचे इंधन टाकीत पडल्याने होणारे नुकसान मर्यादित असते. ते इंधन टाकीतून इंजिनापर्यंत पोहोचले म्हणजे नुकसान अनेक पटींनी वाढते. टाकी रिकामी करण्याच्या खर्चावर भागणारे काम आणि लाखाच्या घरात जाणारी दुरुस्ती, या दोहोंमधील अंतर पुष्कळदा केवळ चावी फिरविण्याचे असते. हे घडते कसे, चूक लक्षात आल्यावर काय करावे आणि कायदा काय सांगतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

दोन इंधने, दोन तत्त्वे

पेट्रोल आणि डिझेल ही दोन्ही इंधने खनिज तेलापासूनच मिळत असली, तरी ती पेटण्याची रीत परस्परविरुद्ध आहे. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण साधारणतः ९ ते १२ पट दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटविले जाते. ठिणगी पडण्यापूर्वी ते आपोआप पेटता कामा नये. आपोआप पेटण्यास इंधन किती विरोध करते, हे ऑक्टेन अंकावरून कळते.

डिझेल इंजिनात ठिणगीची व्यवस्थाच नसते. तेथे केवळ हवा साधारणतः १५ ते २० पट दाबली जाते. या दाबामुळे हवेचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडताच ते स्वतःहून पेट घेते. पेट घेण्याची ही तत्परता सीटेन अंकाने मोजली जाते. भारतात १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांनुसार डिझेलचा सीटेन अंक किमान ५१ असावा लागतो, तर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ असावा लागतो.

थोडक्यात, जो गुण पेट्रोलमध्ये हवा, तोच डिझेलमध्ये दोष ठरतो. म्हणूनच एका इंधनाची जागा दुसरे इंधन घेऊ शकत नाही. दोन्ही इंधने एकमेकांत पूर्णपणे मिसळतात. त्यामुळे टाकीत त्यांचे पाणी व तेल यांच्यासारखे वेगवेगळे थर राहत नाहीत, आणि वरचे इंधन काढून टाकले म्हणजे खालचे शुद्ध उरेल हा समज चुकीचा आहे.

डिझेल वाहनात पेट्रोल

दोन्ही प्रकारांपैकी हा प्रकार अधिक हानिकारक आहे. याचे मुख्य कारण ज्वलनाशी निगडित नसून वंगणाशी निगडित आहे. डिझेल काहीसे तेलकट असते आणि त्या तेलकटपणावरच डिझेल इंजिनाच्या उच्चदाब पंपाचे वंगण अवलंबून असते. आजच्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत हा पंप वातावरणाच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पट दाबाने इंधन पुढे ढकलतो. पंपाचे आतील भाग अत्यंत अचूक मापाचे असून त्यांच्यामध्ये इंधनाचा पातळ थर असणे आवश्यक असते.

पेट्रोल हे उत्तम द्रावक आहे. ते हा थर धुऊन टाकते. परिणामी धातू धातूवर घासू लागतो आणि धातूचे बारीक कण सुटतात. हे कण इंधनासोबत रेल आणि इंजेक्टरपर्यंत जातात, तसेच परतीच्या नळीतून पुन्हा टाकीतही येतात. अशा वेळी केवळ इंधन बदलून भागत नाही. पंप, इंजेक्टर, रेल, नळ्या व फिल्टर बदलावे लागतात आणि टाकी स्वच्छ करावी लागते.

वाहन काही अंतर चालल्यावर शक्ती कमी होणे, इंजिनातून खडखड आवाज येणे, धूर निघणे आणि अखेरीस इंजिन बंद पडून पुन्हा सुरू न होणे, ही या चुकीची सर्वसाधारण लक्षणे होत. पंपावरून निघाल्यावर वाहन लगेच बंद पडतेच असे नाही. फिल्टर आणि नळ्यांमध्ये उरलेल्या डिझेलवर ते काही अंतर सुरळीत चालते. त्यामुळे चूक झालीच नाही असा गैरसमज होण्याची शक्यता असते.

जुन्या पिढीतील चालक या बाबतीत वेगळा अनुभव सांगतात. पूर्वीच्या डिझेल इंजिनांतील पंप कमी दाबाचे आणि अधिक सोशिक होते. थंड प्रदेशांत डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडे पेट्रोल मिसळण्यास काही युरोपीय उत्पादकांनी एके काळी मुभाही दिली होती. कॉमन रेल इंजिनांना हा अनुभव लागू पडत नाही. त्यांच्यासाठी पेट्रोलचे अमुक इतके प्रमाण चालते, असे मानू नये.

पेट्रोल वाहनात डिझेल

या प्रकारात नुकसान तुलनेने कमी होते, कारण पेट्रोल वाहनाचा इंधनपंप कमी दाबाचा असतो आणि डिझेलच्या तेलकटपणाने त्याला इजा होत नाही. मात्र डिझेलचे बाष्प सहज तयार होत नाही, त्यामुळे ठिणगीने ते नीट पेटत नाही. स्पार्क प्लगवर काजळी धरते, इंजिन अडखळते, पांढरा किंवा काळसर धूर निघतो आणि इंजिन बंद पडते. न जळलेले इंधन एक्झॉस्टमधून पुढे गेल्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलेले डिझेल इंजिन ऑइलमध्येही मिसळते. म्हणून टाकी रिकामी करून प्लग साफ करण्याबरोबरच गरजेनुसार ऑइलही बदलावे लागते. हीच गोष्ट मोटारसायकल आणि स्कूटरलाही लागू आहे. तेथे टाकी लहान असल्याने काम मात्र सोपे असते.

चूक लक्षात आल्यावर

इंधन भरले जात असतानाच चूक ध्यानात आली, तर कर्मचाऱ्याला तत्काळ थांबवावे. त्यानंतर चावी कोणत्याही स्थितीत फिरवू नये. अनेक वाहनांत चावी पहिल्या खटक्यावर आणताच टाकीतील विद्युतपंप सुरू होतो. काही वाहनांत चालकाच्या बाजूचे दार उघडले तरी तो काही क्षण चालतो. म्हणून काचा वर करण्यासाठी किंवा रेडिओ लावण्यासाठीही चावी फिरविणे टाळावे. बटणाने सुरू होणाऱ्या वाहनांतही हीच दक्षता घ्यावी.

गियर न्यूट्रलमध्ये ठेवून वाहन ढकलत पंपाच्या आवारातच एका बाजूला न्यावे. स्टिअरिंग कुलूपबंद असल्यास किंवा वाहन स्वयंचलित गियरचे असल्यास ते बळाने न हलवता जागेवरच ठेवावे आणि कर्मचाऱ्यांना मागील रांग वळविण्यास सांगावे. त्यानंतर अधिकृत सेवा केंद्राला दूरध्वनी करून वाहन टोइंगने न्यावे. वाहन सुरूच केले नसेल, तर टाकी रिकामी करणे, फिल्टर तपासणे अथवा बदलणे आणि योग्य इंधन भरणे एवढ्यावर काम भागण्याची शक्यता मोठी असते.

चूक रस्त्यावर लक्षात आल्यास वाहन सुरक्षितपणे कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. "गॅरेजपर्यंत तरी जाऊ द्या" हा विचार महागात पडतो, कारण प्रत्येक किलोमीटरगणिक धातूचे कण अधिक दूरवर पसरतात. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या मदत क्रमांकावर संपर्क साधता येतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. पहिली म्हणजे नळी तोंडात धरून इंधन ओढणे. ही सवय आपल्याकडे सर्रास आढळते. पेट्रोल किंवा डिझेलचे काही थेंब श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसांना गंभीर सूज येऊ शकते. असे घडल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. दुसरी म्हणजे बाहेर काढलेले मिश्रण स्टोव्ह, दिवा किंवा शेगडीत वापरणे. डिझेलची वाफ पेटण्यासाठी ते किमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापावे लागते, तर पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. त्यामुळे डिझेलमध्ये थोडे पेट्रोल मिसळलेले असले, तरी ते मिश्रण पेट्रोलइतकेच धोकादायक समजावे. ते उघड्या बादलीत ठेवू नये, गटारात ओतू नये आणि त्याची विल्हेवाट सेवा केंद्राकडे सोपवावी.

चूक का होते

पहिले कारण म्हणजे एकाच मॉडेलची दोन इंधनांवर चालणारी वाहने. एके काळी वाहनाच्या रूपावरून त्याचे इंधन ओळखता येत असे. १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकापासून लहान मोटारीही डिझेलमध्ये मिळू लागल्या. पुढे अनेक उत्पादकांनी तीच मोटार पेट्रोल आणि डिझेल अशा दोन्ही प्रकारांत विकली. पेट्रोलच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण २०१० मध्ये, तर डिझेलवरील नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले. त्या मधल्या काळात दोन्ही इंधनांच्या दरांत मोठी तफावत असल्याने डिझेल मोटारींची मागणी विशेष होती. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनविणे थांबविले असले, तरी त्यापूर्वी विकल्या गेलेल्या अनेक मोटारी आजही रस्त्यांवर आहेत आणि बाहेरून त्या पेट्रोल मोटारींसारख्याच दिसतात.

दुसरे कारण यंत्रांची रचना. अनेक पंपांवर एकाच यंत्राला पेट्रोल आणि डिझेलची नोझल शेजारी शेजारी असतात. गर्दीच्या वेळी हात चुकीच्या नोझलकडे जाणे अशक्य नसते.

तिसरे कारण भाषेचे आहे. बोलीभाषेत डिझेल गाडीचा मालकही "पेट्रोल भरून येतो" असेच म्हणतो आणि पंपाला तर सर्वत्र पेट्रोल पंपच म्हटले जाते. हिंदी भाषक राज्यांत दोन्ही इंधनांना सरसकट "तेल" म्हणण्याची पद्धत आहे. "टाकी फुल्ल करा" किंवा "हजाराचे टाका" या सूचनेत इंधनाचे नावच नसते. परराज्यात प्रवास करणाऱ्या, भाड्याची अथवा दुसऱ्याची गाडी चालविणाऱ्या आणि नुकतीच दुसऱ्या इंधनाची गाडी घेतलेल्या व्यक्तींकडून ही चूक होण्याची शक्यता अधिक असते.

नोझलचा आकार : एक जुना धडा

वाहनाची टाकीच चुकीचे नोझल स्वीकारणार नाही, अशी व्यवस्था करण्याचा विचार अमेरिकेत १९७० च्या दशकात झाला. तेव्हा प्रश्न पेट्रोल आणि डिझेलचा नव्हता, तर शिसेयुक्त आणि शिसेविरहित पेट्रोलचा होता. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेल्या वाहनात शिसेयुक्त पेट्रोल भरल्यास शिशाचा थर बसून कन्व्हर्टर निरुपयोगी होतो. म्हणून शिसेविरहित पेट्रोलचे नोझल सुमारे २१ मिलिमीटर व्यासाचे, शिसेयुक्त पेट्रोलचे त्याहून जाड आणि नव्या मोटारींच्या टाकीचे तोंड अरुंद ठेवण्याचा नियम करण्यात आला.

भारतानेही हा टप्पा अनुभवला आहे. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तेथे शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करून देण्यात आले. मात्र महानगराबाहेर जाणाऱ्या मोटारीला परतेपर्यंत योग्य इंधन मिळेलच याची शाश्वती नव्हती. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलचा पुरवठा सुरू झाल्यावर हा प्रश्न मिटला. जगात वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

अरुंद तोंडाचा हा उपाय एकाच दिशेने संरक्षण देतो. जाड डिझेल नोझल पेट्रोल टाकीच्या अरुंद तोंडात शिरत नाही, पण पेट्रोलचे बारीक नोझल डिझेल टाकीत सहज जाते. म्हणजेच अधिक हानिकारक चुकीला या उपायाने आळा बसत नाही. यासाठी काही उत्पादकांनी डिझेल टाकीच्या तोंडाशी बारीक नोझल आत जाऊ न देणारी झडप बसविली आहे. युरोपीय संघात ऑक्टोबर २०१८ पासून नव्या वाहनांवर आणि पंपांवर समान चिन्हे सक्तीची झाली. त्यानुसार पेट्रोलसाठी वर्तुळ, डिझेलसाठी चौरस आणि वायू इंधनांसाठी समभुज चौकोन वापरला जातो.

अडथळा ओलांडला जातो तेव्हा

विमान वाहतुकीत हीच चूक जीवघेणी ठरते. पिस्टन इंजिनाच्या विमानांना विशिष्ट पेट्रोल लागते, तर जेट व टर्बाइन इंजिनांना केरोसीनसदृश इंधन लागते. विख्यात अमेरिकी वैमानिक बॉब हूवर यांच्या पिस्टन इंजिनाच्या विमानात एकदा जेट इंधन भरले गेले आणि उड्डाणानंतर इंजिने बंद पडली. हूवर बचावले. त्यानंतर पिस्टन विमानांच्या टाकीत शिरू न शकणारे, रुंद व चपट्या तोंडाचे जेट इंधनाचे नोझल प्रचारात आले. ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

तरीही ५ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यातील कोकोमो येथे असाच अपघात झाला आणि वैमानिकाचा मृत्यू झाला. तपास यंत्रणेच्या माहितीनुसार, जेट इंधन हवे आहे काय, असे कर्मचाऱ्याने विचारले असता होकार मिळाल्याचे त्याचे म्हणणे होते. नोझल टाकीच्या तोंडात बसत नव्हते, तेव्हा ते आडवे धरून इंधन ओतण्यात आले.

रस्त्यावरील वाहनांनाही या घटनेचा धडा लागू पडतो. "पेट्रोल ना?" या प्रश्नाला घाईत "हो" असे उत्तर सहज दिले जाते. "कोणते इंधन?" या प्रश्नाला मात्र नाव घेऊनच उत्तर द्यावे लागते. तसेच नोझल नेहमीप्रमाणे बसत नसेल, तर ती यंत्राची अडचण न मानता धोक्याची सूचना मानली पाहिजे.

दुसरी टाकी आणि निळे झाकण

बीएस-६ मानकांनंतर मालमोटारी, बस आणि काही डिझेल मोटारींमध्ये आणखी एक टाकी आली आहे. एक्झॉस्टमधील नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी तीत ३२.५ टक्के शुद्ध युरिया असलेले द्रावण भरले जाते. व्यवहारात त्याला डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणतात. या टाकीचे झाकण सहसा निळे असते.

हे द्रावण डिझेलच्या टाकीत गेल्यास त्याचे स्फटिक बनतात, धातू गंजतो आणि पंप व इंजेक्टर निकामी होतात. उलट डिझेल या टाकीत गेल्यास संवेदक, रबरी भाग आणि उत्प्रेरक खराब होतात. दोन्ही बाबतीत इंजिन सुरू न करणे हाच पहिला उपाय होय. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून हे द्रावण घरी तयार करण्याचा मोहही टाळावा. कृषी युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो आणि त्यातील अशुद्ध घटकांमुळे उत्प्रेरक निरुपयोगी होतो. शिवाय अनुदानित खत अन्य कामासाठी वळविणे हा कायद्याने गुन्हा आहे.

वायू इंधने

सीएनजी वाहनाचे नोझल आणि झडप पूर्णतः वेगळी असल्याने तेथे द्रव इंधनाची गल्लत होत नाही. एलपीजीबाबत मात्र एक गंभीर गैरप्रकार आढळतो. तो म्हणजे घरगुती सिलिंडरमधील वायू वाहनात भरणे. वाहनांसाठीच्या एलपीजी टाकीत सुमारे ८० टक्के क्षमतेवर भरणा आपोआप थांबविणारी झडप असते आणि अधिकृत केंद्रावरच तो वायू भरला जातो. घरगुती सिलिंडरमधून मोटरपंपाने वायू उतरविताना गळती होऊन स्फोट होण्याचा धोका असतो. घरगुती वायूचा असा वापर २००० सालच्या नियंत्रण आदेशानुसार प्रतिबंधित आहे.

प्रकार योग्य, पण प्रत वेगळी

कधी इंधनाचा प्रकार योग्य असतो, पण त्याची प्रत वाहनाला वा हवामानाला साजेशी नसते. याचे सर्वाधिक चर्चेतील उदाहरण म्हणजे इथेनॉलमिश्रित पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलचे उष्मामूल्य पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी वाहनांच्या इंधनक्षमतेत ई-२० मुळे ६ ते ७ टक्के घट होऊ शकते, असे नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात म्हटले होते. एप्रिल २०२३ पासूनची वाहने या इंधनाला अनुरूप भागांची आहेत. ई-२० मुळे जुन्या वाहनांचे मोठे नुकसान होत नाही, काही रबरी भाग मात्र लवकर बदलावे लागू शकतात, अशी भूमिका केंद्र सरकारने २०२५ मध्ये मांडली. या इंधनाविरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते ना, हे पाहणे आणि वाहन महिनोन्‌महिने उभे न ठेवणे हिताचे ठरते.

अधिक ऑक्टेनचे महागडे पेट्रोल साध्या इंजिनात भरल्याने अपाय होत नाही, मात्र त्या इंजिनाला त्याचा विशेष लाभही होत नाही. उलट अधिक ऑक्टेनची गरज असलेल्या इंजिनात कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यास इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि कालांतराने नुकसान होते.

डिझेलबाबत हवामान महत्त्वाचे ठरते. लडाखमधील कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखमध्ये उपलब्ध केले. मैदानी प्रदेशात टाकी भरून थेट उंचावर जाणाऱ्या प्रवाशांनी हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

जबाबदारी कोणाची

ग्राहकाने योग्य इंधनाचे नाव सांगितले असताना कर्मचाऱ्याने चुकीचे इंधन भरले, तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. कर्मचारी आपले काम करीत असताना झालेल्या चुकीची जबाबदारी पंपचालकावर येते. त्यामुळे कर्मचाऱ्याशी वाद घालून अथवा त्याच्याकडून जागच्या जागी पैसे मागून प्रश्न सुटत नाही. पंपाच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार देणे आणि तिची पोच घेणे अधिक उपयुक्त ठरते.

तक्रारीचा निकाल पुराव्यावर अवलंबून असतो. इंधनाची पावती, यंत्रावरील आकड्यांचे छायाचित्र, वेळ, नोझल क्रमांक आणि सेवा केंद्राचा लेखी अहवाल जपून ठेवावा. पंपावरील सीसीटीव्ही चित्रण सुरक्षित ठेवण्याची विनंती त्याच दिवशी लेखी करावी. ग्राहकाने स्वतःच चुकीचे नाव सांगितले असेल, तर भरपाईचा दावा दुर्बळ होतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत तक्रार नोंदविता येते. तेथे तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. परगावी अथवा परराज्यात चूक घडली असली, तरी तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. प्रवासात फसगत झालेल्या वाहनधारकासाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे.

विम्याबाबत मात्र फार अपेक्षा ठेवू नये. मोटार विम्याच्या प्रमाण अटींमध्ये यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामस्वरूप होणारे नुकसान वगळलेले असते. इंजिन संरक्षणाचे जादा कवच घेतले असल्यास त्यात चुकीच्या इंधनाचा समावेश आहे काय, हे पॉलिसी घेतानाच वाचून पाहावे.

खबरदारीचे उपाय

एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांच्या पुढील काचेवर नोंदणीचे रंगीत स्टिकर लावण्यात येते. पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळा आणि डिझेलसाठी नारिंगी रंग असतो. ही योजना मूलतः प्रदूषण नियंत्रणासाठी असली, तरी वाहनाचे इंधन ओळखण्यास ती उपयोगी पडते. याशिवाय टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस इंधनाचे नाव मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक लिहून ठेवावे. भाड्याच्या वाहनात बसण्यापूर्वीच झाकण उघडून खात्री करावी.

पंपावर इंजिन बंद करून शक्यतो खाली उतरावे. रक्कम सांगण्यापूर्वी इंधनाचे नाव सांगावे. कर्मचारी "झिरो बघा" असे सांगतो, तेव्हा शून्याबरोबरच यंत्रावरील इंधनाचे नाव आणि उचललेले नोझलही पाहावे. भरणा होईपर्यंत भ्रमणध्वनीवर बोलणे टाळावे. पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरील इंधनाचे नाव वाचल्यानंतरच वाहन सुरू करावे. या वाचनास काही सेकंद पुरतात, आणि चूक झालीच असेल, तर ती टाकीपुरती मर्यादित ठेवण्याची ती शेवटची संधी असते.